मासेमारीच्या होडीसाठी सोनार आणि जीपीएस : एकच मोठी स्क्रीन घ्यावी का?

सुकाणू (धागाकर्ता)

मंडळी, होडीवरचा जुना पाच इंची फिश फाइंडर अजून चालतो, पण उन्हात त्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. जीपीएसचं काम आजवर फोनवरच भागवलं. आता दोन्ही एकदाच नीट करून टाकावं म्हणतोय.

होडी फायबरची, साडेसहा मीटर, मागे एक आउटबोर्ड, तळ व्ही आकाराचा. मासेमारी बहुतेक गळाची, १५ ते ८० मीटर पाण्यात. अलीकडे खडकाळ पट्टे, पलीकडे चिखल. कधीमधी खाडीत जातो, तिथे चार-पाच मीटरच पाणी असतं.

डोक्यात आहे ते असं : बारा इंची एकच कॉम्बो (सोनार आणि जीपीएस एकाच यंत्रात), त्यात चर्प (सूर सरकवणारं सोनार), साइड स्कॅन (बाजूचा तळ दाखवणारं), डाउन स्कॅन (सरळ खालचा), चार्ट म्हणजे समुद्राचा नकाशा, सगळंच. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारा डबा, खोक्यात येतो तोच लावायचा. विकणारा म्हणतो, लाइव्ह सोनारही (हलतं चित्र दाखवणारं) घेऊन टाका. तुम्ही माझ्या जागी काय घ्याल? का घ्याल तेही लिहा. नुसती मॉडेलची नावं नकोत, ती दर हंगामाला बदलतात.

खारं_पाणी

सुरुवात चुकीच्या टोकाकडून झालीय. स्क्रीन सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी पाण्याची खोली, मग तळ, मग ट्रान्सड्यूसर, आणि उरलेल्या पैशात बसेल ती स्क्रीन.

बारा इंची स्क्रीनवर वाईट प्रतिध्वनी मोठा दिसतो, एवढंच. ऐकण्याचं काम पाण्याखालचा तो डबा करतो. खोक्यात येणारे थ्री-इन-वन (चर्प, साइड, डाउन एकत्र) ट्रान्सड्यूसर बहुतेक उथळ, गोड्या पाण्याचा विचार करून बनवलेले असतात. खाडीत ते झकास चालतील. ८० मीटरवर वेग धरलात की तळाची रेघ तुटायला लागेल.

फ्रिक्वेन्सीचं गणित एकदा समजून घ्या. ५० किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो आणि त्याचा शंकू, म्हणजे खाली पसरत जाणारा झोत, रुंद असतो. २०० चा शंकू अरुंद, तपशील चांगला, पण तो लवकर थकतो. तुमच्या ६० मीटर पाण्यात ४५ अंशांचा शंकू तळावर जवळजवळ ५० मीटर व्यासाचं वर्तुळ व्यापतो. १२ अंशांचा शंकू जेमतेम साडेबारा मीटर. पहिल्यात मासा दिसला तर तो होडीखाली आहे की पंचवीस मीटर बाजूला, ते यंत्राला सांगताच येत नाही.

आणि खडकावर मासेमारी करणाऱ्याने हे तर लक्षात ठेवायलाच हवं : रुंद शंकूत तळाला चिकटलेला मासा लपतो. सरळ खालचा तळ ६० मीटरवर असतो, त्याचा प्रतिध्वनी आधी परततो. शंकूच्या कडेला असलेला मासा तळापासून चार मीटर वर असला तरी तिरक्या रेषेत तो ६० मीटरपेक्षा लांब पडतो, म्हणजे तळाच्या जाड पट्ट्यात गडप. १२ अंशांच्या शंकूत हीच आंधळी जागा फूटभराची राहते.

गळवाली

खारंदादा, सगळं मान्य, पण साइड स्कॅनला एवढं झटकून टाकू नका हो. :)

माझी सगळी मासेमारी तलावात आणि धरणाच्या पाण्यात. तिथे साइड स्कॅन हे माझे डोळे आहेत. बुडालेलं झाड, जुन्या बांधाची कड, दगडांची रास, हे सगळं होडी त्यावर न नेताच कळतं. मासे घाबरत नाहीत.

सुकाणू, साइड स्कॅन वाचताना चमकणाऱ्या ठिपक्याकडे नाही, त्याच्या सावलीकडे बघायचं. तळाच्या वर तरंगणारा मासा आवाज अडवतो आणि त्यामागे काळी सावली पडते. ठिपका आणि सावली एकमेकांना चिकटलेली असतील तर वस्तू तळावर टेकलेली आहे. मध्ये फट असेल तर ती तळापासून वर आहे, आणि फट जितकी मोठी तितका मासा वर. लाकडाचा ओंडका आणि तळाजवळचा मासा यांतला फरक मी असाच ओळखते.

होडी मात्र सरळ आणि सावकाश हवी, ताशी सहा-सात किलोमीटर. वळलात की चित्र ताणलं जातं, आणि आतल्या बाजूचा तळ पुन्हा पुन्हा रंगवला जातो.

खारं_पाणी

गळवाली ताई, तुमच्या पाण्यात सोळा आणे खरं. पण पाणी बदललं की हिशेब बदलतो.

खाऱ्या पाण्यातले क्षार, मुख्यतः मॅग्नेशियम सल्फेट, आवाज गिळतात. २०० किलोहर्ट्झला समुद्रात किलोमीटरमागे ५० डेसिबलच्या वर शोषण होतं, गोड्या पाण्यात साधारण १०. साइड स्कॅनच्या ४५५ ला समुद्रात ते १०० च्या वर जातं. ८० मीटर खोल जाऊन परत येणं म्हणजे १६० मीटरचा प्रवास. नुसत्या शोषणात १६ डेसिबल गेले, म्हणजे शक्तीचा चाळिसावा हिस्सा उरला. आवाज पसरून विरळ होतो ते नुकसान वेगळंच.

म्हणून ८०० किंवा १२०० किलोहर्ट्झची ती फोटोसारखी चित्रं समुद्रात साधारण वीस-तीस मीटरच्या आतच बघावीत. सुकाणूंच्या खाडीसाठी उत्तम, बाहेरच्या पट्ट्यासाठी नाही.

तळशोध्या

चर्पबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जुनं यंत्र एकाच सुराची छोटी शिट्टी मारतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. शिट्टी ०.४ मिलिसेकंदाची असेल तर तिची पाण्यातली लांबी ६० सेंटिमीटर होते, आणि तिच्या निम्म्याहून, म्हणजे ३० सेंटिमीटरहून, कमी अंतरावरचे दोन मासे एकच दिसतात. तळापासून वीतभर वर असलेला मासा तळातच मिसळून जातो.

चर्पमध्ये सूर खालून वर सरकत जातो, म्हणजे समजा १६० पासून २०० किलोहर्ट्झपर्यंत, आणि परत आलेला आवाज त्याच नमुन्याशी जुळवून बघितला जातो. तेव्हा वेगळेपण शिट्टीच्या लांबीवर अवलंबून राहत नाही, सूर किती पट्ट्यात सरकला त्यावर ठरतं. ४० किलोहर्ट्झच्या पट्ट्याला कागदावर दोन सेंटिमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही, पण थव्यातले मासे सुटे दिसायला लागतात, हे नक्की.

मेख अशी की मशीन चर्प असून भागत नाही, ट्रान्सड्यूसरही तेवढा पट्टा वाजवणारा हवा. ५०/२०० चा जुना ट्रान्सड्यूसर चर्प मशीनला जोडला तर तो आपल्या दोन ठरलेल्या सुरांजवळच काम करणार.

वॅटचाही घोळ समजून घ्या. काही कंपन्या आरएमएस (सरासरी) वॅट छापतात, काही पीक-टू-पीक (टोकापासून टोकापर्यंत). दोन्हींत आठ पटींचा फरक आहे : ५०० वॅट आरएमएस म्हणजेच ४००० वॅट पीक-टू-पीक. खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. तुमच्या ८० मीटरला ५००-६०० वॅट आरएमएस पुरून उरतं. एक किलोवॅट शेकडो मीटरवाल्यांसाठी.

ओहोटीचा_राजा

वाखू (वाचनखूण) साठवली. मी अगदीच नवशिक्या, एक बाळबोध प्रश्न : स्क्रीनवर कमान जेवढी लांब तेवढा मासा मोठा ना?

खारं_पाणी

नाही. कमानीची लांबी म्हणजे मासा शंकूत किती वेळ होता तेवढंच.

मासा शंकूच्या कडेला असताना तिरक्या रेषेत लांब असतो, मधोमध आला की जवळ, पुन्हा बाहेर जाताना लांब. म्हणून कमान. होडी नांगरावर आणि मासाही जागचा हलत नसेल तर कमान होणारच नाही, एक लांबच लांब आडवी रेघ दिसेल. छोटासा मासा खाली घुटमळत राहिला तर त्याची रेघ अख्ख्या स्क्रीनभर जाते, आणि भला मोठा मासा झपकन निघून गेला तर एक टिकली. जाडी आणि रंगाची तीव्रता बघा, लांबी नको.

स्क्रीनच्या उजव्या कडेची शेवटची उभी रेघ तेवढी ‘आत्ता’ची. बाकी सगळा इतिहास.

तळशोध्या

+१. त्यात भर : बहुतेक प्रतिध्वनी माशाच्या मांसाचा नसतो, त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. शार्कला ती नसते, माकुलालाही नसते. त्यामुळे मोठा शार्क फिक्का आणि त्याहून कितीतरी लहान, पण पिशवीवाला मासा ठसठशीत, असं होतं. माशाचं चित्र दाखवणारी सेटिंग पहिल्या दिवशी बंद करा. बुडबुडे, शेवाळ, दुसऱ्या होडीच्या सोनारचा त्रास, सगळ्यांवर ती मासेच काढते.

वायरमन

सगळे स्क्रीनवर बोलतायत. मी होड्यांमध्ये ही यंत्रं बसवतो. यंत्र खराब म्हणून बोलावतात, आणि जाऊन बघावं तर बहुतेक वेळा ट्रान्सड्यूसर चुकीच्या जागी किंवा वायर बारीक.

ट्रान्सड्यूसर. शत्रू एकच, हवेचे बुडबुडे. ट्रान्समवर, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीवर, लावताना पुढे तळाला एखादी पट्टी, रिव्हेट किंवा पाण्याचं भोक असेल तर त्याच्या सरळ मागे लावायचं नाही. प्रोपेलरपासून हातभर लांब. प्रोपेलर मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवी बाजू बरी, कारण तिकडे पाती खाली जात असतात. तोंड तळाच्या किंचित खाली आणि होडी चालताना पाण्याला समांतर. उभ्या होडीत छान आणि वेगात कोरी स्क्रीन, ही तक्रार असेल तर आधी जागा बघा, सेटिंगला हात नंतर.

आतून चिकटवायचा असेल तर भरीव फायबरच हवं. मध्ये फोम किंवा लाकूड भरलेलं असेल तर आवाज तिथेच मरतो. लाकडी आणि धातूच्या होडीत हा प्रकार चालत नाही. साइड स्कॅन आणि डाउन स्कॅन तर आतून जमतच नाही, आणि पाण्याचं तापमानही मिळत नाही.

तळाला भोक पाडून बसवायचा असेल तर लाकडी होडीला ब्राँझ, कारण लाकूड फुगलं की प्लास्टिकला तडा जातो. ॲल्युमिनियमच्या होडीला ब्राँझ अजिबात नको, खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाऊन टाकेल. व्ही तळाच्या होडीला आतलं एलिमेंट (आवाज काढणारी चकती) तिरकं बसवलेले मिळतात, १२ अंश किंवा २० अंश. आपल्या तळाचा कोन मोजून घ्यायचा. मग बाहेर ठोकळा लावायची गरज उरत नाही.

ट्रान्सड्यूसरची केबल कापून जोडायची नाही. जास्तीची असेल तर सैल वेटोळं करून ठेवा, इंजिनच्या वायरीपासून लांब.

वीज. एक उदाहरण देतो. मशीन अडीच अँपिअर खातं, बॅटरी सहा मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३५ व्होल्ट पडतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत एक व्होल्टच्या वर. आता इंजिनला स्टार्टर मारला, बॅटरी साडेदहावर आली, त्यातून एक गेला, मशीन बंद पडून पुन्हा सुरू होतं. मग ‘सॉफ्टवेअर खराब आहे’ म्हणून बोंब. जमलं तर इलेक्ट्रॉनिक्सला बॅटरीच वेगळी द्या. फ्यूज बॅटरीच्या जवळ, मशीनच्या जवळ नाही. तो वायरीला वाचवायला असतो.

गळवाली

वायरमन, हा प्रतिसाद छापून होडीत चिकटवायला हवा. +१००

ध्रुव_तारा

जीपीएसकडे कोणी वळलंच नाही, म्हणून मी.

फोन वाईट नाही. आजचे फोनही जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या दुसऱ्या उपग्रह यंत्रणा ऐकतात, आणि मोकळ्या आकाशाखाली काही मीटरच्या आत जागा दाखवतात. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून अचूकता हा छोट्या होडीचा प्रश्न राहिलाच नाही. फोन मार खातो तो इतर गोष्टींत. उन्हात तापून बंद पडतो, ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि सोनारवर दिसलेला खडक त्याला माहीत नसतो.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही पाच नॉटने चाललाय, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. स्क्रीनवर खडक दिसला, ‘अरे!’ म्हणालात, बटण शोधलं, दाबलं. चार सेकंद गेले, खडक दहा मीटर मागे. त्यात ट्रान्सड्यूसर मागे ट्रान्समवर आणि जीपीएस पुढे सुकाणूपाशी असेल तर आणखी दोन-तीन मीटर. नांगर टाकून गळ सोडायचा तर तेवढ्यात खडकाऐवजी चिखल लागतो. सोनार आणि प्लॉटर (जीपीएस-नकाशाची स्क्रीन) एकाच यंत्रात असले की सोनारचा इतिहास मागे सरकवून, कर्सर खडकाच्या टोकावर ठेवून खूण करता येते, आणि ती खूण होडी त्या क्षणी जिथे होती तिथे पडते. कॉम्बो घ्यायला मला हे एकच कारण पुरतं.

दुसरं, जीपीएसला होडी कुठे चाललीय ते कळतं, तिचं नाक कुठे आहे ते कळत नाही. प्रवाहात आडवे वाहत असाल तर स्क्रीनवरची होडी वाहण्याच्या दिशेला तोंड करते, आणि जागच्या जागी उभे असाल तर गरगरते. हा त्रास होत असेल तर हेडिंग सेन्सर जोडा. नुसता १० हर्ट्झचा (सेकंदाला दहादा जागा सांगणारा) जीपीएस घेऊन तो जात नाही.

स्क्रीन धातूच्या छताखाली असेल तर बाहेरचा अँटेना लागेल. फायबरच्या छताखाली सहसा आतलाच पुरतो.

ओहोटीचा_राजा

मित्राने एका खडकाचे आकडे दिले होते, तिथे गेलो तर नुसता सपाट चिखल. माणूस खोटं बोलणारा नाही. मग?

ध्रुव_तारा

आकडे कसे लिहिले होते ते बघा. ‘३०.५०० मिनिटं’ म्हणजे ३० मिनिटं आणि अर्धं मिनिट, म्हणजे ३० सेकंद. ते कोणी ‘३० मिनिटं ५० सेकंद’ असं टाकलं की २० सेकंदांचा फरक. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. २० सेकंद म्हणजे सहाशे मीटरहून जास्त. तेवढ्यात चिखलच लागणार.

दोघांच्या यंत्रांत एकच पद्धत लावा, अंश आणि दशांश मिनिटं. समुद्रावर हीच जास्त चालते. मिनिटाचे तीन दशांश म्हणजे दोन मीटरच्या आतला तपशील झाला. डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४ आहे का तेही बघा, जुन्या नकाशावरून उचललेले आकडे कधी कधी वेगळ्या डेटमचे असतात. आणि खुणांची प्रत मेमरी कार्डावर काढून घरी ठेवा. यंत्र नवं मिळतं, वर्षानुवर्षांच्या खुणा मिळत नाहीत.

नांगर_टाकून

चार्टबद्दल एक गोष्ट, कारण धागाकर्त्याने ‘त्यात चार्टही’ असं सहज लिहून टाकलंय.

२९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेसमधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही शर्यतीची नौका हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला, कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळ खडकांवर चढली. नऊ जणांचा तरबेज ताफा, सगळी महागडी उपकरणं, जीपीएस ठणठणीत. चार्ट पुरेसा झूम करून बघितला गेला नव्हता. इलेक्ट्रॉनिक चार्ट लांबून बघताना तपशील गाळतो, आणि गाळलेल्यात खडकही असतो. खलाशी सगळे वाचले, हे नशीब.

तेव्हा नव्या वाटेवर जायच्या आधी किनाऱ्यावर बसून अख्खी वाट झूम करून सरकवत बघा. चार्टवरची खोली बहुतेक ठिकाणी नीच ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते आणि तुमचं सोनार ट्रान्सड्यूसरपासून मोजतं, त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. सोनारमध्ये ऑफसेट टाकून पृष्ठभागापासूनची खोली करून घेता येते.

यंत्र ठरवताना आपल्या पाण्याचा चार्ट कोणत्या कंपनीचा चांगला आहे ते आधी बघा. प्रत्येक कार्ड प्रत्येक यंत्रात चालत नाही. कंपन्याही एकमेकींना विकत घेत असतात, नॅव्हिऑनिक्स २०१७ मध्ये गार्मिनकडे गेली. कालचं कार्ड उद्याच्या यंत्रात चालेलच, असं धरून चालू नका.

सुकाणू

बापरे, धागा भरधाव सुटलाय. सगळं नीट वाचतोय. दोन गोष्टी राहिल्या : लाइव्ह सोनार आणि एक स्क्रीन की दोन.

गळवाली

लाइव्हवर मीच लिहिते, नाहीतर खारंदादा एका ओळीत उडवून लावतील.

गार्मिनचं लाइव्हस्कोप २०१८ मध्ये आलं, मग लोरन्स आणि हमिनबर्ड यांनीही आपापली आणली. मासा हलताना दिसतो, तुमचा गळ खाली जाताना दिसतो, मासा गळाकडे येऊन तोंड फिरवून गेला तेही दिसतं. त्या शेवटच्या प्रकाराने माझं डोकं फिरतं. :(

पण ते बघायला होडी जवळजवळ उभी हवी, ट्रान्सड्यूसर फिरवता येईल अशा दांड्यावर हवा, वेगळी बॅटरी हवी, आणि उपयोगी अंतर काही दहा मीटरांचं. लाटांवर हलणाऱ्या होडीत साठ मीटर पाण्यात त्याचा काय उपयोग? सुकाणू, तुमची मासेमारी बघता नको. खाडीत मन रमलं तर पुढे कधीतरी.

खारं_पाणी

एका ओळीत : सहमत.

नांगर_टाकून

स्क्रीन दोनच. एक गेली की दुसरी राहते. बारा इंची एक घेण्यापेक्षा नऊ इंची नवी घ्या आणि जुनी पाच इंची वेगळ्या फ्यूजवर, आपल्या जुन्या ट्रान्सड्यूसरसकट राहू द्या. उन्हात दिसत नसली तरी तळ शोधून परत यायला पुरेल. दोन्ही एकदम चालवताना मात्र फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवा, नाहीतर एकाची शिट्टी दुसऱ्यावर तिरक्या रेघा मारते.

नऊ इंचात चार्ट आणि सोनार शेजारी शेजारी मावतात. सात इंचात मावतात म्हणायचे, पण सोनारचा इतिहास एवढा आखडतो की कमान बघेपर्यंत ती निघून गेलेली असते. स्क्रीन उन्हात नेऊन, पोलराइज्ड गॉगल लावून, मान तिरकी करून बघा. काही स्क्रीन त्या गॉगलमधून चक्क काळ्या दिसतात.

आणि होकायंत्र काढून टाकू नका. त्याच्याजवळ स्पीकर बसवू नका.

वायरमन

यात कोणी रेडिओचं नाव काढलेलं नाही. व्हीएचएफला डीएससीचं, म्हणजे संकटाचा संदेश आपोआप पाठवणारं, लाल बटण असेल तर त्याला जीपीएस जोडा. एनएमईए ०१८३ (यंत्रं एकमेकांशी बोलायची जुनी पद्धत) च्या दोन-तीन वायरींचं काम आहे. बटण दाबल्यावर चॅनेल ७० वरून तुमचा एमएमएसआय (रेडिओचा ओळख) क्रमांक आणि जागा दोन्ही जातात. जीपीएस जोडलेला नसेल आणि जागा हातानेही भरली नसेल, तर ‘कोणीतरी संकटात आहे’ एवढंच कळतं, कुठे ते नाही. हे जोडलेलं नसतं अशा होड्या मी किती बघतो, सांगायला नको.

एनएमईए २००० (त्याची नवी पद्धत) घेतलं तर मधली मुख्य केबल आणि तिच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोधक). दोनच, ना एक ना तीन. फांदीची वायर सहा मीटरच्या आत.

ध्रुव_तारा

अवांतर नाही, म्हणून लिहितो : जहाजांच्या वाटेजवळ रात्री मासेमारी करत असाल तर लाइव्ह सोनारचे पैसे एआयएसला (जहाजांनी आपली ओळख आणि जागा रेडिओवरून कळवायची यंत्रणा) लावा. नुसत्या रिसीव्हरने तुम्हाला जहाज दिसतं. ट्रान्सपाँडरने तुम्हीही त्यांना दिसता, आणि झोपेच्या वेळी त्यालाच अर्थ असतो. साधा क्लास बी (छोट्या होड्यांचा ट्रान्सपाँडर) दोन वॅटचा असतो, चालत्या होडीची जागा दर तीस सेकंदांनी पाठवतो. फायबरची छोटी होडी लाटांमध्ये रडारवर नीट उमटत नाही.

सुकाणू

ठरत आलंय. नऊ इंची कॉम्बो, स्क्रीन-ट्रान्सड्यूसर वेगवेगळे विकत घ्यायचे. चर्प ट्रान्सड्यूसर, ५०० वॅटच्या आसपास. साइड स्कॅन, लाइव्ह आत्ता नाही. वेगळी बॅटरी. जुनी स्क्रीन राहणार. डीएससीला वायर याच आठवड्यात, कारण माझीही जोडलेली नाही.

एकच अडतंय. तळाला भोक पाडायला जीव होत नाही. आतून चिकटवला तर किती नुकसान? आणि माझ्या होडीच्या तळात फोम आहे की भरीव फायबर, हे बनवणाऱ्यालाही आता आठवत नाही.

तळशोध्या

चांगल्या भरीव फायबरमधूनही थोडा आवाज वाया जातोच, पण ८० मीटरच्या आत तुम्हाला तो जाणवायचा नाही. दोनशे-तीनशे मीटरवर जाणवेल. मध्यम किंवा उच्च चर्पचाच घ्या. खालच्या सुराचा रुंद शंकू तुमच्या खडकांवर नको, कारण वर आलंच आहे.

वायरमन

आधी चाचणी, मग गोंद. मागच्या बाजूला मधल्या कण्याजवळ, जिथे वेगातही तळ पाण्यात राहतो तिथे, आतला रंग आणि तेल घासून काढा. हातोडीच्या दांड्याने टकटक करा. भरीव फायबर कडक वाजतं, फोमवर आवाज बद्द येतो. हा नुसता अंदाज. खरी चाचणी पाण्यात : नांगरावर, ओळखीच्या खोलीवर ट्रान्सड्यूसर आधी होडीच्या बाहेर पाण्यात धरा. गेन (संवेदनशीलता) आणि रेंज हाताने ठरवा, ऑटोवर नको. तळाची जाडी आणि त्याखाली दुसरा प्रतिध्वनी येतो का ते बघून फोटो काढा. मग आत त्या जागी थोडं पाणी ओतून ट्रान्सड्यूसर दाबून धरा, सेटिंग तीच, आणि पुन्हा फोटो.

दोन फोटो जवळपास सारखे आले तर जागा चांगली. दुसरा प्रतिध्वनी गायब आणि तळ फिका आला तर वीतभर सरकून परत. कुठेच जमलं नाही तर फोम आहे असं समजा आणि ट्रान्समवर लावा, भोक पाडायची घाई नको. पाण्यावर जमलं तर वेगातही एकदा बघून घ्या, मगच इपॉक्सी. ओतताना बुडबुडा राहता कामा नये, ट्रान्सड्यूसर पिळत पिळत बसवायचा.

फोटो इथे टाका, बघून सांगतो.